जुन्या लाकडाला वय विचारण्याआधी



शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं की एक गोष्ट हमखास होते. प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर वय लिहिलेलं असतं. समई, २०० वर्षे. अडकित्ता, १५० वर्षे. लाकडी कोरीव काही असलं तर विचारूच नका, सरळ ५०० वर्षे! पाहुणे 'अरे वा' म्हणतात, सर्वांत जुन्या वस्तूला बक्षीस मिळतं, फोटो निघतात. तो आकडा कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं मत स्पष्टच सांगते. हे बक्षीस बंद करा. त्यामुळे मुलं इतिहास शिकत नाहीत, आकडा फुगवायला शिकतात. बक्षीस द्यायचंच असेल तर 'ही वस्तू आमच्याकडे कशी आली' हे ज्याने नीट शोधलं त्याला द्या, मग त्याच्या चिठ्ठीवर वयाच्या जागी 'माहीत नाही' लिहिलेलं असलं तरी चालेल.

दगडापेक्षा लाकडाबद्दल मी जास्त आग्रहाने का बोलते, तर आपण राहतो तिथे लाकूड टिकणंच कठीण. गणपतीपुळे, मालगुंड, भंडारपुळे हा सगळा पट्टा समुद्राला लागून. खारं वारं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि जे पावसातून वाचलं ते वाळवीच्या तोंडी. म्हणून आपल्याकडे घरातलं लाकूड सारखं बदललं जातं. खांब कुजला की खालचा भाग कापून नवा जोड देतात, देव्हाऱ्याची मोडकी कमान दुसऱ्या देव्हाऱ्याला लावतात, जुनी तुळई गोठ्यात जाते. एकाच वस्तूत तीन पिढ्यांचं लाकूड असू शकतं. अशा वस्तूला 'तुझं वय काय' हा एकच प्रश्न विचारला तर ती उत्तर तरी काय देणार?

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचं कनकादित्य मंदिर तुम्ही पाहिलं असेल. तिथलं लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं आहे. त्या देवस्थानाशी जोडलेला शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा. आता कुणीही सहज म्हणेल, की मंदिर आठशे वर्षांचं, म्हणजे कोरलेलं लाकूडही आठशे वर्षांचं. तसं होत नाही. ताम्रपट सांगतो की तेव्हा तिथे देवस्थान होतं. वरचं लाकूड कधी बसवलं हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळा पुरावा लागतो. सहावीच्या इतिहासात आपण भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं शिकवतो ना? मुलं ती पाठ करतात आणि पेपरात लिहितात. एका साधनाचा पुरावा दुसऱ्या वस्तूला चिकटवायचा नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं.

रत्नागिरीकरांना आणखी एक सवय आहे. घरातल्या कुठल्याही कोरीव लाकडाचा संबंध थिबा राजाशी जोडायचा! ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत केला आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवला. राजवाडा बांधून झाल्यावर १९१० च्या सुमारास तो तिथे राहायला गेला आणि १९१६ च्या डिसेंबरमध्ये इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं राजा आपल्या जिल्ह्यात होता. त्याच्याकडची एखादी वस्तू कुणाच्या घरी जाणं अशक्य नाही. पण जितक्या घरांत मी 'थिबाची' वस्तू ऐकली आहे, तितकं सामान राजाकडे असतं तर त्याला ठेवायला दुसरा राजवाडा लागला असता.

त्यात भर 'बर्माटीक' या शब्दाची. घरातलं लाकूड बर्माटीक आहे म्हणजे ते राजाकडून आलं, असा काहींचा समज. खरं तर इंग्रजांच्या काळात ब्रह्मदेशातला साग जहाजांनी मुंबईला येत होता आणि तिथून वखारींत जाऊन ज्याला परवडेल तो विकत घेत होता. उलट गंमत बघा. थिबाचं मंडालेचं सिंहासन ज्या यमने लाकडाचं आहे, ते झाड म्हणजे आपली शिवण! लाकडाच्या जातीवरून शक्यता कमी-जास्त होते, वस्तूचं गाव ठरत नाही.

त्या सिंहासनाची हकीगत वर्गात जरूर सांगा. १९०२ मध्ये ते कलकत्त्याच्या संग्रहालयात नेलं. १९४५ साली युद्धात मंडालेचा राजवाडा जळाला, आतली बाकीची सिंहासनं गेली. हे दूर होतं म्हणून वाचलं. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते परत दिलं आणि आज ते यांगोनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते खरं सिंहासन आहे हे आपण छातीठोकपणे म्हणू शकतो, कारण ते कुठून निघालं, कुठे गेलं, कधी परत आलं याचे कागद आहेत. नुसत्या कोरीवकामाकडे बघून हे कुणाला सांगता आलं नसतं.

आता घरातल्या वस्तूकडे येऊ. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मागे एक लाकडी मूर्ती आणली होती. वीतभर उंचीची, बसकी, हात जोडलेली. चेहऱ्याचा नाकाचा भाग झिजलेला. चिठ्ठीवर अर्थातच 'थिबा राजाने पणजोबांना दिली, ३०० वर्षे.' राजाला इथे येऊनच तीनशे वर्षं झालेली नाहीत, हे वर्गातल्या एका मुलीनेच वजाबाकी करून सांगितलं. मग आम्ही ती मूर्ती उलटी केली.

माझा सगळ्यांना हाच आग्रह असतो, वस्तू उलटी करा. पुढून सगळं कोरलेलं, घासलेलं, रंगवलेलं असतं. सुतार पाठ मात्र तशीच सोडतो. या मूर्तीच्या पाठीला चौकोनी खाच होती. म्हणजे ती सुटी मूर्ती नव्हतीच, कशात तरी बसवलेली होती. देव्हारा, पालखी, खांबाचा हस्त, काहीही असेल. खाचेत पटाशीचे घाव साफ दिसत होते. एका बाजूला गोल डोक्याचा, तारेचा बनवतात तसला कारखान्यातला खिळा होता. लोहाराने ठोकलेला जुना खिळा चौकोनी, वर जाड आणि खाली निमुळता असतो, डोकंही वेडंवाकडं. कारखान्यातले खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सगळीकडे पसरले. पण घाई करू नका हं. खिळ्यावरून खिळ्याचं वय कळतं. मूर्ती आधीची असून खिळा दुरुस्तीच्या वेळी मारलेला असू शकतो. खिळ्याच्या कडेने फुटलेल्या लाकडाचा रंग आतून फिकट होता, त्यावरून मला तरी तो नंतरचाच वाटला.

गावातल्या एका सुतारकाकांना दाखवलं. त्यांनी खाचेच्या कोपऱ्यात नखाने जरा खरवडून 'फणस' म्हणून सांगितलं. आतला पिवळा रंग, वरून काळपट तपकिरी. मुलांना काळा रंग म्हणजे जुनेपणा वाटतो. काका हसले. म्हणाले, चुलीवरच्या माळ्यावर दहा वर्षं ठेवा, कालचं लाकूडही शंभर वर्षांचं दिसेल. धुराचा हा धडा कुठल्याच पुस्तकात मिळाला नसता.

तरीही खरी माहिती लाकडातून आली नाही, ती आजीकडून आली. मुलाच्या आजीने सांगितलं, की ही मूर्ती तिच्या माहेरच्या देव्हाऱ्याची. देव्हारा मोडला तेव्हा तिने एक मूर्ती मागून घेतली. कधी? साल आठवत नव्हतं. मी विचारलं, लग्न कधी झालं? 'कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी.' कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे लग्न १९६८ मध्ये. देव्हारा तिच्या लहानपणी होता, तेव्हाही 'जुना' म्हणत होते. म्हणजे १९५० च्या आधीचा नक्की, त्याच्या आधी किती ते सांगता येत नाही. आणि थिबा? 'तो आमच्या ह्यांनी नातवाला सांगितलेला गजाल,' आजी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

बघा, तीनशे वर्षांचे पाऊणशे वर्षं झाले. मुलगा जरा हिरमुसला, हे खरं. पण आता त्या मूर्तीला गाव मिळालं, घर मिळालं, कुणाच्या हातून कुणाकडे आली हे मिळालं. तीनशेच्या आकड्याला यातलं काहीच नव्हतं.

वयस्कर माणसांना साल विचारू नका, घटना विचारा, ही युक्ती आमच्याकडे फार उपयोगी पडते. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७. कोयनेचा भूकंप १९६७. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. 'तेव्हा मी परकरात होते', 'तेव्हा थोरला पोटात होता' अशी उत्तरं मिळतात आणि त्यातून चार-पाच वर्षांच्या फरकाने साल निघतं.

लिहिलेल्या आकड्याची भुरळ मात्र सांभाळायला हवी. दोन फसवे आकडे आपल्याकडे घरोघरी आहेत. पहिला मंगलोरी कौलावरचा. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आकडा दिसतो. मुलं धावत येतात, 'बाई, आमचं घर १८६५ चं!' ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही. दुसरा आकडा चौकटीवर किंवा पाटावर कोरलेल्या शकाचा. 'शके १८०७' वाचून इसवी सन १८०७ समजतात. त्यात ७८ मिळवले की १८८५ येतं. कधी शकाचा आकडा नसतो, नुसतं संवत्सराचं नाव असतं. समजा, 'पार्थिव संवत्सर' एवढंच कोरलं आहे. संवत्सरं साठ वर्षांनी फिरून येतात, तेव्हा ते १८२५, १८८५ किंवा १९४५ यांपैकी कुठलंही असू शकतं. पाचवीच्या मुलांना बेरीज-वजाबाकीचं यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणणार?

आता पालक हमखास विचारतात, 'बाई, हल्ली लॅबमध्ये कळतं ना?' कळतं, पण काय कळतं ते नीट समजून घ्यायला हवं. झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेतं, त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. लाकडाचं जे वर्तुळ तयार झालं, त्यात नवा कार्बन यायचा थांबतो आणि असलेला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने घटू लागतो. ५७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजून काळ काढतात. विलर्ड लिबी यांना या पद्धतीबद्दल १९६० चं नोबेल मिळालं. पण हा काळ लाकूड वाढल्याचा आहे, कोरल्याचा नाही. दोनशे वर्षांच्या सागाच्या गाभ्यातून काल मूर्ती कोरली तरी लॅब दोनशेच सांगणार. शिवाय गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण असं वर-खाली होत राहिलं, की उत्तर एका सालाचं न येता 'या किंवा त्या काळातलं' असं मोघम येतं. आपल्या घरातल्या वस्तू बहुतेक याच काळातल्या! एक गोष्ट मात्र लॅब पक्की पकडते. १९५० च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ एकदम वाढला, त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या झाडाचं लाकूड लपत नाही.

वर्तुळं मोजायचा मार्गही आहे. सागाची पानं गळतात, त्यामुळे त्याची वर्षावर्षाची वर्तुळं दिसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ठाण्याकडच्या सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केला आहे. पण वीतभर फणसाच्या तुकड्यात मोजणार काय?

फार जुनं लाकूड बघायचं असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करा. छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या मानल्या जातात. दगडाच्या पोटात, पावसाबाहेर राहिल्या म्हणून टिकल्या. शेजारच्या भाजे लेण्यात तर लाकडी तुळयांवर ब्राह्मी अक्षरं सापडली. म. न. देशपांडे यांनी ती १९५० च्या दशकात प्रसिद्धीस आणली. लोक शतकानुशतकं त्याखालून गेले आणि कुणी वर नीट पाहिलं नव्हतं!

एक उदाहरण अगदी लांबचं देते, कारण त्यात कागद आणि प्रयोगशाळा दोन्ही आहेत. प्रशांत महासागरातल्या बेटांवर लोक पूर्वजांच्या आणि देवांच्या लाकडी मूर्ती कोरत. त्यांना सर्वसाधारणपणे 'टिकी' म्हणतात. १९३० च्या दशकापासून अमेरिकेत टिकीच्या सजावटीची हॉटेलं निघाली आणि तसल्या मूर्ती शोभेसाठी ढिगाने तयार झाल्या. त्यामुळे आज कुणाच्या घरात टिकी सापडली तर ती बेटावरची की हॉटेलातली, हाच पहिला प्रश्न असतो. पण रुरुतू बेटावरची 'आआ' नावाची मूर्ती बघा. ती १८२१ मध्ये बेटावरच्या लोकांनी मिशनऱ्यांच्या हवाली केली, तशी नोंद झाली, आणि आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अंगावर तीस लहान आकृत्या कोरलेल्या. अलीकडे तपासणी झाली तेव्हा लाकूड चंदनाचं निघालं आणि काळ सोळाव्या-सतराव्या शतकाचा, म्हणजे तज्ज्ञ समजत होते त्यापेक्षा बराच जुना. तिथे लॅब उपयोगी पडली. पण मूर्ती रुरुतूची आहे हे लॅबने सांगितलं नाही. ते १८२१ मध्ये कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

आणि आपण लिहून ठेवत नाही, हेच माझं खरं दुखणं आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातली किती तरी जुनी घरं उतरवली गेली. कुणाला दोष देत नाही. गळकं घर सांभाळणं सोपं नाही, भाऊ मुंबईला असतात, वाटण्या होतात. जुनं लाकूड घेणारा टेम्पो घेऊन येतो. कोरीव खांब, चौकट, देव्हाऱ्याची कमान, सगळं वजनावर नाहीतर अंदाजाने जातं. पुढे तेच एखाद्या शहरातल्या हॉटेलात 'दक्षिणेतल्या राजवाड्यातलं' म्हणून उभं राहतं. खांब टिकतो, पण त्याचं गाव जातं. ते परत मिळवायचा कुठलाच मार्ग नाही, कारण ते लाकडात नसतं, माणसाच्या तोंडी असतं.

इथे कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कोरीव कलावस्तू पुरावशेष ठरते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे 'दोनशे वर्षांची आहे' असं अभिमानाने सांगणाऱ्याने पुढचंही समजून घेतलेलं बरं!

शिक्षकांना एक विनंती. प्रदर्शनासाठी वस्तू 'स्वच्छ करून आणा' असं सांगू नका. मुलं राखेने घासतात, कुणी पॉलिश मारतं, एका मुलीच्या बाबांनी तर चांगल्या कोरीव पोपटाला हिरवा ऑइलपेंट दिला. खाचेत साचलेलं जुनं तेल, हळदकुंकू, आधीच्या रंगाचा थर, हे सगळं पुरावा असतं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपली की पुरे.

आमच्या शाळेत आता चिठ्ठीऐवजी वहीचं एक पान असतं. वस्तू कुणाकडून कळली, तिचं नाव आणि नातं. वस्तू आधी कुठे होती. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं, आपण निकाल द्यायचा नाही. लाकूड कुणी ओळखलं. खिळे कसले. कातीव पाया किंवा खांब असेल तर जाडी दोन दिशांनी मोजायची, कारण लाकूड रेषांच्या आडव्या अंगाला आकसतं आणि कातताना गोल असलेलं वर्षानुवर्षांनी किंचित लांबट होतं. मुलांना हे मोजायला फार आवडतं. गणपतीपुळ्यातलं 'प्राचीन कोकण' बघायला नेतो, तेव्हाही तिथे जुन्या जीवनाचे देखावे नव्याने उभे केले आहेत हे आधी सांगते. मग मुलं 'हे खरं जुनं, की जुन्यासारखं?' असं आपणहून विचारू लागतात.

मे महिन्यात चाकरमानी गावाला येतील. घराची दुरुस्ती निघते ती तेव्हाच, आणि विक्रीही तेव्हाच ठरते. घरातलं कोरीव लाकूड हलवायच्या आधी ते जागेवर असतानाच मोबाईलवर फोटो काढा. आजी-आजोबांना शेजारी बसवून दोन मिनिटं बोलतं करा आणि ते रेकॉर्ड करून ठेवा. आणि फोटो फक्त पुढून काढू नका, पाठीमागूनही काढा. खाच आणि खिळे तिकडेच दिसतात.